कलमांच्या बागेतल्या घराला लाईट नाही, ७० हजारात सोलर बसेल का? हिशोब तपासून द्या

बागवाला_लांजा

नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात आमची बाग आहे, हापूसची कलमं आणि वरच्या बाजूला थोडी काजू. बागेत वडिलांनी बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर आहे, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी, एवढंच. लाईटचा पोल खाली रस्त्याला, मधे दोघातिघांच्या जागा, त्यातल्या एकाची संमती काही मिळत नाही आणि मिळाली तरी पोल टाकायचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. आम्ही मुंबईला असतो, घरात राखणीला नेपाळी जोडपं वर्षभर असतं, दाजू, त्यांची बायको आणि एक छोटी मुलगी. आत्तापर्यंत चार्जिंगचे दिवे आणि मोबाईल वाडीत नेऊन चार्ज करणं असंच चाललंय, पण मुलगी आता शाळेत जायला लागली, संध्याकाळी अभ्यासाला धड उजेड नाही, मला स्वतःलाच बरं वाटत नाही ते.

लागणार काय तर ५ बल्ब, बाहेर २ दिवे रात्रभर (रानडुकरं येतात आणि सीझनला चोर पण येतात), २ पंखे, ३२ इंची टीव्ही, सिमवाले २ कॅमेरे, मोबाईल, मिक्सर, विहिरीवर अर्धा एचपीची मोटर. आमच्या हिचं म्हणणं मे महिन्यात आपण सगळे जातो तेव्हा छोटा फ्रिज पण पाहिजे.

एका डीलरने कोटेशन दिलंय, १ किलोवॅट पॅनेल, ३ केव्हीए इन्व्हर्टर, १५० एएचच्या ४ बॅटऱ्या, १ लाख ७२ हजार. माझं बजेट ७०, फार ओढलं तर ७५. मी आपला अंदाज केला की १ किलोवॅटऐवजी अर्धा किलोवॅट आणि ४ ऐवजी २ बॅटऱ्या घेतल्या की सगळं निम्म्यात बसेल. बरोबर आहे का हे? जाणकारांनी सांगा.

वायरमन_रत्नांग्री

दादा निम्मं निम्मं करून सोलर होत नाही. आधी तीन गोष्टी सांगा. पंखे साधे का बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे)? पॅनेल कुठे लावणार, कौलांवर का जमिनीवर, आणि तिथून घरापर्यंत वायर किती मीटर? तिसरं म्हणजे दुपारी १० ते ३ सावली कुठल्या झाडाची येते? बागेतलं घर म्हटलं की दाराशी फणस असतोच.

बागवाला_लांजा

पंखे अजून घेतलेच नाहीत. कौलं जुनी आहेत, त्यावर माणूस चढवायचा नाही असं ठरलंय. आणि हो, दाराशी फणस आहे, मागे दोन जुनी कलमं, त्यामुळे घरावर ऊन जेमतेम दोन-तीन तास. पण खालच्या बाजूला कातळाचा उघडा तुकडा आहे, तिथे दिवसभर ऊन. घरापासून २५ मीटर धरा. फणस तोडणार नाही, आधीच सांगतो.

युनिटमोजे

फणस तोडू नकाच. मी पुण्याचा, नोकरीभर विजेच्याच क्षेत्रात होतो, आता रिटायर आहे म्हणून सवडीने लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

तुमची गाडी उलटी चाललीय. डीलर पॅनेल आणि बॅटरीपासून सुरू करतो कारण त्याला ते विकायचं असतं, तुम्ही वापरापासून सुरू करा. आणि वापर वॅटमध्ये नाही, रोजच्या वॅट-तासात काढायचा. १००० वॅट-तास म्हणजे आपलं एक युनिट, लाईट बिलातलंच.

तुमची यादी जशी आहे तशी धरली तर बाहेरचे दोन १२ वॅटचे दिवे ११ तास जळले की २६४ झाले, म्हणजे घरातल्या पाचही बल्बपेक्षा जास्त. साधा पंखा ७५ वॅट खातो, दोन पंखे १० तास म्हणजे १५००. तुमच्या अख्ख्या घराचा निम्म्याहून जास्त वापर त्या दोन पंख्यांत गेला. बीएलडीसी पंखा फुल स्पीडला ३० च्या आसपास घेतो, तिथे ६०० होतात. पंख्यामागे हजार-पंधराशे जास्त जातील पण रोजचे ९०० वॅट-तास वाचतात, तेवढेच बॅटरीत साठवायला जाल तर पंधरा-वीस हजार मोजावे लागतील. त्यामुळे सोलर घरात साधा पंखा लावणं हे मला कधीच पटलेलं नाही.

आता छाटून बघू. बाहेरचे दिवे रात्रभर नकोत, हालचाल झाली की पेटणारे सेन्सरवाले लावा, डुकराला आणि चोराला दोघांनाही अचानक पेटलेला दिवाच जास्त घाबरवतो, तो खर्च २० वर आला. घरात सरासरी ३ बल्ब ५ तास, १३५. पंखे ६००. कॅमेरे दोन्ही मिळून १० वॅट पण चोवीस तास, म्हणून २४०, ही छोटी वस्तू दिसते छोटी पण टीव्हीपेक्षा जास्त खाते. टीव्ही ४५ वॅट ३ तास, १३५. मोबाईल ५०, मिक्सर ५०. झाले १२३०. मोटर आणि फ्रिज बाजूला ठेवलेत, त्यावर नंतर बोलू.

आता एक गोष्ट जी कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावलं नाही, तरी तो स्वतः वीज खातो. छोटा चांगला असेल तर ८-१० वॅट, मोठे ३ केव्हीएचे ऑल-इन-वन (इन्व्हर्टर आणि सोलर चार्जर एकाच डब्यात) येतात ते ४०-५० वॅटपर्यंत जातात. ५० वॅट गुणिले २४ म्हणजे १२००. तुमचं सगळं घर जेवढं खातंय तेवढंच तो डबा एकटा खाणार! म्हणून मोठा इन्व्हर्टर म्हणजे पुढची सोय असं जे सांगतात ते ऑफ-ग्रीडला, म्हणजे बाहेरची लाईटच नसलेल्या घराला, लागू नाही. १० वॅटवाला धरला तर २४० मिळवा, एकूण १४७०. दीड युनिट म्हणू.

आता पॅनेल. डिसेंबर ते मे तुमच्याकडे दिवसाला ५ तासांचं पूर्ण ऊन धरायला हरकत नाही, आणि वायर, गरमी, धूळ, बॅटरी सगळीकडची गळती धरून ७० टक्केच हाती लागतं असं माना. १.५ भागिले ३.५, म्हणजे ४३० वॅट. म्हणजे एक ५४० चं पॅनेल पुरलं की! असं वाटतं. मग जुलै येतो. कोकणात जुलैला सरासरी अडीच-पावणेतीन तास मिळाले तरी नशीब म्हणायचं, तिथे हिशोब ७८० वॅटवर जातो, आणि ही सरासरी झाली हो, सलग चार-पाच दिवस नुसता काळोख असतो ते सरासरीत दिसत नाही. म्हणून ५४० ची दोन घ्या, १०८०. उन्हाळ्यात निम्मी वीज वाया जाईल, जाऊ दे. पॅनेल आता बॅटरीच्या मानाने स्वस्त झालंय, पंधरा वर्षांपूर्वीचा हिशोब उलटा होता, तेव्हा लोक पॅनेल तोलून मापून घ्यायचे. गच्च ढगात पॅनेल दहा-वीस टक्के तरी देतंच, आणि १०८० चे दहा टक्के हे ५४० च्या दहा टक्क्यांच्या दुप्पट असतात, एवढं साधं आहे.

बॅटरीचं डीलरने नेमकं उलट केलंय. १२ व्होल्ट १५० एएचच्या चार म्हणजे ७.२ युनिटची टाकी, आणि भरायला १ किलोवॅट, जे जुलैत दिवसाला दोन युनिट देणार, त्यातलं तुम्ही वापरणार. ती टाकी जूनमध्ये रिकामी झाली की दसऱ्यापर्यंत काठोकाठ भरणारच नाही. आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते. चार महिन्यांच्या पावसात चांगल्या बॅटऱ्या अशाच जातात, कंपनीच्या नावाने खडे फोडून उपयोग नसतो. म्हणून तुम्ही लेड-ॲसिड सोडून लिथियम बॅटरी बघा.

माणदेशी

साहेब तुमचं सगळं पटलं पण बॅटरीचं एवढं सरळ न्हाई. आमच्या वस्तीवर ट्युब्युलर, म्हंजी लेड-ॲसिडच्याच हायत, मस्त चालल्यात, डिस्टिल वॉटर टाकायचं, टर्मिनलला व्हॅसलिन लावायचं, झालं. मेली तर भंगारात चार पैसे येत्यात, तालुक्याच्या गावात दुसरी मिळतीय. लिथियमचं आतलं बीएमएस, म्हंजी बॅटरी सांभाळणारं सर्किट, गेलं की काय करणार? आमच्याकडं तर रिपेअर करणारा सुदिक न्हाई, कुरिअरनं पाठवा म्हणत्यात, तोवर अंधारात बसा.

युनिटमोजे

माणदेशी, तुमच्याकडे ते बरोबरच आहे. माण तालुक्यात पाऊस किती आणि लांज्यात किती! तुमच्या बॅटऱ्या वर्षातून बहुतेक दिवस दुपारी फुल होत असतील, त्यामुळे टिकतात. तुमचा शत्रू ऊन्हाळ्यातली गरमी, त्यांचा शत्रू जुलै. लिथियम फॉस्फेटला अर्धवट भरलेलं राहण्याचं काही वाटत नाही, उलट आवडतं. शिवाय लेड-ॲसिड अर्धीच वापरायची असते, लिथियम ८५ टक्के वापरली तरी चालते. म्हणजे १५० एएचच्या दोन, १.८ गुणिले २, ३.६ युनिट, हाती १.८. लिथियम २४ व्होल्ट ५० एएच म्हणजे १.२८ युनिट, हाती १.०९. आकडा छोटा दिसतो पण किमतीत आठ-दहा हजारांचा फरक पडतो. आणि बागवाला, लेड-ॲसिड घेतलीच तर सी-१० ची घ्या, म्हणजे १० तासांत रिकामी करून मोजलेली. घरच्या इन्व्हर्टरला मिळते ती सी-२० ला, म्हणजे २० तासांत सावकाश मोजलेली असते, दोन्हीवर १५० च लिहिलेलं असतं.

रिपेअरच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तो खराच आहे. वॉरंटी कार्डावर सर्व्हिस सेंटर कुठलं लिहिलंय ते बघून घ्या. रत्नागिरी किंवा कोल्हापूरला असेल तर ठीक, नसेल तर माणदेशींचं ऐका.

अक्षय_ठाणे

पीएम सूर्यघर मधून घ्या ना, ७८ हजार सबसिडी आहे, फुकटात पडेल की.

वायरमन_रत्नांग्री

ती योजना ग्रीडला जोडलेल्या सिस्टिमलाच आहे, लाईट बिल असलं पाहिजे. ७८ हजार पण ३ किलोवॅट किंवा वर असेल तर. यांच्याकडे मीटरच नाही. एक फायदा मात्र आहे, सबसिडी नाही तर डीसीआर पॅनेल घ्यायची सक्ती पण नाही, म्हणजे सेल भारतातच बनलेला पाहिजे असं काही नाही, नॉन-डीसीआर पॅनेल वॅटमागे बरंच स्वस्त पडतं. आणि सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवर जीएसटी १२ चा ५ झालाय, जुनं कोटेशन असेल तर तेवढं बघून घ्या.

दादा विहिरीचं बोलायचं तर मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना आहे, शेतीपंपाला वीज जोडणी नसेल तर अर्ज करता येतो, १० टक्के आपण भरायचे, एससी-एसटीला ५, अडीच एकरापर्यंत ३ एचपी मिळतो. पण तो पंप आणि ती पॅनेल शेतीच्या पाण्यालाच, घरातले पंखे त्यावर लावायचे नाहीत.

बागवाला_लांजा

अरे वा, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. मोटरचं जरा सोडून देतो मग, पाणी सध्या पेट्रोलच्या पंपाने वर टाकीत चढवतात, आठवड्यातून दोनदा, ते चालू राहील. आता माझा प्रश्न, बाजारात विचारलं तर एकजण म्हणतो दोन पॅनेल पॅरललला जोडा, पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंगचा कंट्रोलर छोटा चालेल, दोन-अडीच हजारात येतो, पीडब्ल्यूएम प्रकारचा. दुसरा म्हणतो ऑल-इन-वन घ्या वायरिंगची कटकटच नाही. काय करू?

वायरमन_रत्नांग्री

पीडब्ल्यूएम नको नको नको. ५४० चं पॅनेल चालतं ४१ व्होल्टच्या आसपास आणि देतं १३ अँपिअर. पीडब्ल्यूएम काय करतो तर त्या पॅनेलला खेचून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. २४ व्होल्टची बॅटरी २६ ला असली तर २६ गुणिले १३, ३४० वॅटच्या आसपास, बाकीचे २०० गेले. १२ व्होल्टची बॅटरी असती तर ५४० च्या पॅनेलमधून १७० मिळाले असते, लोक येतात ना माझ्याकडे की पॅनेल डुप्लिकेट आहे म्हणून, पॅनेल ओरिजनल असतं, कंट्रोलर बघितला की कळतं. एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, तो पॅनेलला त्याच्या व्होल्टेजवरच चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचा करंट करून बॅटरीला देतो.

आणि तुमचं २५ मीटर आहे म्हणून पॅरलल पण नको. पॅरललला २६ अँपिअर येणार, ४ स्क्वेअर एमएमच्या सोलर वायरमधून जाऊन येऊन ५० मीटर, साधारण ६ व्होल्ट वायरमध्येच गेले. पॅनेल एप्रिलमध्ये तापल्यावर ३६ ला चालत असतं, त्यातले ६ गेले म्हणजे सहावा हिस्सा वायर गरम करायला. सिरीजला जोडलं तर करंट १३ च राहतो, व्होल्टेज दुप्पट, तोटा चार टक्क्यांच्या आसपास. म्हणून सिरीज.

पण सिरीज केलं की कंट्रोलर बघून घ्यायचा. ५४० च्या पॅनेलचं उघडं व्होल्टेज (काही न जोडता मोजलेलं) साडेएकोणपन्नास असतं, दोन मिळून ९९, आणि थंडीत ते वाढतं. आपल्याकडे पौषात पहाटे १५ डिग्री झालं की १०१-१०२ होणार. बाजारात १०० व्होल्टचे एमपीपीटी भरपूर आहेत, दुकानदार म्हणेल ९९ च आहे चालतंय. नाही चालत, सकाळी ऊन पडलं की पहिल्याच तासात जाईल कधीतरी. १५० व्होल्टवाला ४० अँपिअरचा घ्या, नऊ-दहा हजारात बरा मिळतो.

ऑल-इन-वनमध्ये भानगड अशी की कित्येक मॉडेलना सोलरच्या बाजूने निदान ९०-१२० व्होल्ट लागतात तेव्हाच ते सुरू होतात. तुमची दोन पॅनेल उन्हात ७५-८० देणार. म्हणजे मशीन भिंतीवर, पॅनेल उन्हात, आणि चार्जिंग शून्य.

युनिटमोजे

वायरमन दादांनी अगदी नेमकं सांगितलं. एकच भर घालतो. १०८० वॅट २७ व्होल्टला म्हणजे ४० अँपिअर होतात, तुमची बॅटरी ५० एएचची, तिला एवढा करंट झेपणार नाही, कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये चार्जिंग २५ अँपिअरवर बांधून ठेवा. उन्हाळ्यात पॅनेल अडून राहतील, पावसात ती मर्यादा कधी लागणारच नाही. आणि बॅटरीचा प्रकार लिथियम निवडायला विसरू नका, फॅक्टरीतून बहुधा लेड-ॲसिडवर येतो.

रात्रीचा हिशोब पण बघून ठेवा. संध्याकाळी ६ ते सकाळी ७ मध्ये दिवे, पंख्यांचा बराचसा भाग, कॅमेरे, टीव्ही, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च असं हजाराच्या वर जरासं जातं. बॅटरीत १०९० आहे. काठावर आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहाला बॅटरी फुल असणार तेव्हा निभावेल, जुलैत एकच पंखा चालेल असं धरा. पैसे आले की याच मेकची, याच क्षमतेची दुसरी बॅटरी पॅरललला लावा, म्हणून आत्ताच विचारून ठेवा की पॅरलल चालते का, सगळ्यांची चालत नाही.

स्वतःला खात्री करायची असेल तर युरोपियन कमिशनची पीव्हीजीआयएस म्हणून फुकट साइट आहे, त्यात ऑफ-ग्रीडचा वेगळा भाग आहे. नकाशावर आपली बाग शोधायची, पॅनेलचे वॅट, बॅटरीचे वॅट-तास, रोजचा वापर टाकायचा, ती महिन्यागणिक दाखवते की शंभरातले किती दिवस बॅटरी रिकामी होणार. डीलरपुढे तो कागद ठेवला की बोलणं सरळ होतं.

सावंतवाडकरीण

वाचतेय मघापासून. आमच्या माहेरच्या घरी बरीच वर्षं सोलरच आहे, आकड्यातलं मला तेवढं कळत नाही पण त्यात राहायचं कसं ते सांगते, कारण ते पुरुषमाणसं सांगतच नाहीत.

मिक्सर, चार्जिंग, मुलांचं कार्टून, जे काय असेल ते ११ ते २ मध्ये उरकायचं. वाटण सकाळी नाही, दुपारी. बॅटरी फुल झाल्यावर पॅनेलचं येणारं वायाच जातं, तेव्हा वापरलेलं फुकट असतं. आमची आई ढग बघून टीव्ही लावते, खोटं नाही सांगत. दाजूंच्या बायकोला हे नीट समजावून सांगा, घर तीच चालवणार आहे, कंट्रोलरवरचा आकडा तिला वाचता आला पाहिजे. २६ च्या खाली आला की पंखा एकच, एवढं पुरे.

फ्रिज आत्ता घेऊ नका. रोजचं अर्धं युनिट जातं आणि कॉम्प्रेसर सुरू होताना झटका मारतो, छोटा इन्व्हर्टर तिथेच पाय वर करतो. मे महिन्यात मासे आणायचे ते त्या दिवसापुरतेच आणा, आंब्याला फ्रिज लागत नाही.

आणि लाल मुंग्या. इन्व्हर्टरच्या आत जाऊन बसतात हो, उबेला. भिंतीला लावताना खाली पावडर टाका आणि वायरचं भोक बुजवा.

युनिटमोजे

सावंतवाडकर बाई, आकडे कळत नाहीत म्हणता आणि २६ बरोबर सांगता! फक्त लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ २६ च्या आसपासच रेंगाळतं आणि शेवटी एकदम पडतं, त्यामुळे आकड्यावरून नीट अंदाज येत नाही. शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारी पट्टी) लावलेला टक्केवारीचा छोटा मीटर मिळतो दीड-दोन हजारात, तो लावलेला बरा.

बागवाला_लांजा

सगळं लिहून घेतलं. मुंबईत आणि रत्नागिरीत फोन करून भाव घेतले ते असे: ५४० ची दोन पॅनेल नॉन-डीसीआर २१,५००, एमपीपीटी १५० व्होल्ट ४० अँपिअर ९,२००, प्युअर साइन इन्व्हर्टर २४ व्होल्ट १००० वॅट ७,०००, लिथियम २४ व्होल्ट ५० एएच २१,०००, पॅनेलचं स्टँड ५,०००, मीटर १,५००. झाले ६५,२००. वायर, एमसीबी, अर्थिंग राहिलं, त्याला साताठ हजार धरतो. पंखे वेगळे, ते मी घरखर्चात घालतो, हिला कळणार नाही. ७५ च्या आत बसतंय बहुतेक. स्टँड मात्र कसं करू? कातळावर खड्डा लागत नाही.

वायरमन_रत्नांग्री

खड्डा नकोच. चिऱ्याचे चार दांडे बांधून घ्या दीड-दोन फुटांचे, त्यात अँगल काँक्रीटमध्ये बसवायचे, आपल्याकडे चिरा आणि गवंडी दोन्ही दारात आहेत. पॅनेल सव्वादोन मीटर लांब, वजन २८ किलोच्या आसपास, वारा धरतं, तेव्हा जूनच्या वाऱ्याच्या हिशोबाने नटबोल्ट स्टीलचे आणि अँगल गॅल्व्हनाइज. वरून येणारं पाणी दांड्याच्या कुठल्या बाजूने जातं ते पावसात बघितलेलं असेल ना, त्या वाटेत बांधू नका.

उतार दक्षिणेला १० ते १२ डिग्री पुरे. दुकानदार १७-१८ सांगेल, वर्षभराच्या बेरजेला ते बरोबर आहे, पण आपल्याला बेरीज नको, पावसाळा पाहिजे. मे च्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि ढगात उजेड सगळ्या आभाळातून येतो, त्यामुळे पॅनेल जितकं आडवं तितकं बरं. अगदी सपाट नको, घाण साठते.

घाणीवरून आठवलं, पॅनेल कलमांच्या खाली वाऱ्याला नाहीत ना बघा. मोहोराच्या दिवसात तुडतुड्याचा चिकटा उडून काचेवर बसतो, त्यावर काळी बुरशी धरते, निम्मं पॅनेल झाकतं आणि नुसत्या पाण्याने जात नाही. फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत ओल्या फडक्याने पुसायला सांगा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. माकडांचं मात्र माझ्याकडे औषध नाही, एकजण वर जाळी मारतो, त्याने सावली पडते.

आता एमसीबी. घरातला साधा एसी एमसीबी पॅनेलच्या लाइनला लावू नका, किती पण लोक लावतात. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते, डीसी शून्यावर येतच नाही, स्विच पाडला तरी आतमध्ये आर्क जळत राहतो. डीसीवालाच घ्या, आणि त्यावर प्लस मायनस कुठल्या बाजूला ते लिहिलेलं असतं तसंच जोडा. बॅटरीच्या प्लसला टर्मिनलपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज, बॅटरी ते इन्व्हर्टर १६ स्क्वेअरची तांब्याची वायर, लांबी चार-पाच फुटांच्या वर नको.

अर्थिंग कातळात नीट मिळत नाही. विहिरीजवळ ओल असलेली माती बघून तिथे रॉड ठोका आणि पट्टी ओढून आणा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा एसपीडी (विजेचा झटका अर्थिंगमध्ये सोडणारं उपकरण) असला तरी डीसी एमसीबी पाडून कनेक्टर सोडवून ठेवायचे, दाजूंना एकदा हाताने करून दाखवा. पण आधी एमसीबी, मगच कनेक्टर. ऊन असताना चालू लाइनचा कनेक्टर ओढला तर हातात ठिणगी येते.

माणदेशी

वायरमन दादा आमच्याकडं येता का हो एकदा 😄

बागवाला_लांजा

दादा, चिऱ्याचे दांडे पुढच्या आठवड्यात बांधायला सांगतो. दोन पॅनेल उभी शेजारी शेजारी लावायची तर दांड्यांमध्ये अंतर किती ठेवू?

वायरमन_रत्नांग्री

पॅनेलची रुंदी ११३४ एमएम, दोन मिळून आणि मधे दोन बोटं जागा, साडेसात फूट धरा. दांडे कडेला नकोत, दोन्ही बाजूंनी फूट-दीड फूट आत, म्हणजे पाच फुटांवर. पण पॅनेल हातात आल्यावर मागची भोकं मोजा आणि मगच अँगल कापा, प्रत्येक मेकची भोकं वेगळी असतात. गवंड्याला आत्ता फक्त दांडे बांधू दे, अँगलसाठी भोक सोडून.